ग्राफिक्स कार्ड, क्रमांक सात

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझी फसवणूक झाली. वेळ दुकानातल्या घड्याळाची आहे. ते दोन मिनिटं पुढे असतं असं दुकानदाराने नंतर सांगितलं, पण तोवर मी लिहून घेतलं होतं. चुकीचं घड्याळ टांगणं हा त्याचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती अशी. १८ फेब्रुवारीला त्याने मला एका ग्राफिक्स कार्डाचं कोटेशन दिलं. सही-शिक्क्यानिशी. खाली त्याच्याच अक्षरात 'मुदत पंधरा दिवस'. पंधरावा दिवस आज. मी आज गेले. कार्ड त्याने काल संध्याकाळी विकलं.

"अहो काकू, मुदत किमतीची असते, मालाची नाही."

"जो माल नाही त्याची किंमत मी पंधरा दिवस पर्समध्ये घालून फिरत होते?"

"तुम्ही त्याच दिवशी घेतलं असतं तर..."

"पंधरा दिवस तुम्ही दिलेत. मी मागितले नव्हते."

"हल्ली लोक उभ्या उभ्या उचलतात हो. आलं की गेलं. आता पुढच्या मालात येईल, येईल."

"कधी?"

"येईल."

मागे उभा असलेला एक दाढीवाला हसला. मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. एकतीस वर्षं रुग्णालयाच्या खरेदी विभागात काढली आहेत, त्यातली नऊ प्रमुख म्हणून. हातमोजे पुरवणारे माझ्या त्या नजरेला घाबरून दर कमी करत. दाढीवाल्याने मोबाइल काढला.

शिवाय मी कोणाची काकू नाही.

बुधवार, ५ मार्च

दुकानदाराला लेखी तक्रार दिली. दोन प्रती. दुसरीवर पोच म्हणून सही घेतली. तो म्हणाला, "काकू, फोन केला असता तरी चाललं असतं." फोनला तारीख नसते, असं त्याला सांगितलं. शाळेत आमच्या मदर सुपीरियर म्हणायच्या, तोंडी तक्रार म्हणजे कुरकुर. निळ्या शाईत, समास सोडून लिहिली तर ती तक्रार.

त्याचं नाव मी यापुढे 'येईल-येईल' असं लिहिणार आहे.

नोंद पूर्ण असावी म्हणून कारणही लिहून ठेवते. नाहीतर कोणी ही वही वाचली तर म्हणेल, म्हातारीला चळ लागला.

गेली दोन वर्षं मी रोज दुपारी तीन ते साडेचार कॉम्प्युटरवर शिडाची होडी चालवते. हा एक खेळ आहे. होडी दोघांची असते. एकाकडे सुकाणू, दुसऱ्याकडे शीड आणि नकाशा. एकट्याने चालत नाही, बंदरातून सुटतच नाही. माझ्याकडे शीड आणि नकाशा. सुकाणू माझ्या धाकट्या बहिणीकडे.

आता या खेळाचा नवा समुद्र आला आहे. जुना ३१ मार्चला बंद होणार. नवा माझ्या जुन्या कार्डावर उघडतच नाही. म्हणजे ३१ नंतर मी किनाऱ्यावर. एवढंच आहे.

धाकटीने नवं कार्ड जानेवारीतच घेतलं. पहिल्या दुकानात, पहिलं दिसलं ते, सांगितलेल्या किमतीला. तिचं आयुष्यभर असंच चाललं आहे.

शुक्रवार, ७ मार्च

तुलनात्मक तक्ता नव्याने केला. सात कार्डं. रकाने: मेमरी, दर सेकंदाला किती चित्रं, वीज किती खातं, हमी, किंमत, किमतीच्या मानाने काम, उपलब्धता.

सोमवारी विकलं गेलेलं ते क्रमांक दोन. किमतीच्या मानाने कामात पहिलं. क्रमांक एक उत्तम, पण त्या किमतीत माणूस खरी होडी घेईल. तीन, चार, पाच म्हणजे एकमेकांची नक्कल, फरक काही नाही, तिन्ही संपलेली. सहाला मेमरी इतकी कमी, की दोन वर्षांत पुन्हा हाच खटाटोप. सात म्हणजे गेल्या पिढीतलं, वीज पिणारं, आणि तरीही सहापेक्षा महाग, का, तर ते मिळतं म्हणून. मिळणं हा गुण नाही. रुग्णालयात मी कितीदा सांगितलं असेल, दारात उभा आहे म्हणून पुरवठादार चांगला ठरत नाही.

उपलब्धतेचा रकाना मी शेवटी ठेवला आहे. तिथेच त्याची जागा.

दुपारी होडीत धाकटी म्हणाली, "झाला का तक्ता?"

"झाला."

"मग घे ना आता कुठलं तरी."

"कुठलं तरी हे कार्डाचं नाव नाही."

"ताई, तुझा तक्ता होईपर्यंत माझे केस पांढरे होतील."

"ते झालेत. तुझ्या लेकीने फोटो दाखवलाय."

यावर ती म्हणाली, "उजवीकडे खडक. दोन होड्यांच्या अंतरावर. शीड सोड थोडं."

माझ्या कार्डावर पाणी अडखळतं. लाट येते, थांबते, मग एकदम दोन लाटा पुढे असते. खडक मला आपटायच्या बेताला दिसतात. म्हणून ती सांगते. खडक, बुरूज, दुसरी होडी, पक्षी. पक्ष्यांचा शिडाशी काही संबंध नाही, तरी सांगते. बडबडीची सवय, दुसरं काय.

सोमवार, १० मार्च

दोन नवी दुकानं पालथी घातली. पहिल्यात विक्रेत्याने विचारलं, "नातवासाठी का?" मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी, आणि मोहरबंद पाकिटात दर द्या. त्याने मालकाला बोलावलं. मालकाने मला पाणी दिलं.

दुसऱ्यात क्रमांक दोन आहे म्हणाले. निघालं क्रमांक सहा, वर स्टिकर दोनचा. मी खोक्याची बाजू वाचून दाखवली. विक्रेता म्हणाला, "मॅडम, एवढं बारीक कोणी वाचत नाही." म्हणूनच तुमचं दुकान अजून उघडं आहे, असं मी म्हटलं.

भाचीचा फोन. ती धाकटीची मुलगी, आणि हे होडीचं प्रकरण तिचंच. दोन वर्षांपूर्वी तिने माझ्याकडे खेळ बसवून दिला आणि म्हणाली, "मावशी, तुला एक जोडीदार शोधलाय." कोण ते सांगितलं नाही. तिकडे आईलाही सांगितलं नाही. तीन आठवडे आम्ही माइक बंद ठेवून, टाइप करून परक्यासारख्या अहो-जाहो करत फिरलो. मग एकदा होडी वाळूत रुतली आणि पलीकडून पहिल्यांदाच आवाज आला, "चूक माझी नाहीये." तेव्हा मला कळलं. जगात असं इतक्या चटकन म्हणणारी एकच बाई आहे.

मी म्हटलं, "सुकाणू तुझ्याकडे होतं." ती म्हणाली, "नकाशा तुझ्याकडे होता, ताई."

त्यापूर्वी नऊ वर्षं आम्ही बोलत नव्हतो. त्यानंतरही होडीबाहेर बोलत नाही. होडीत होडीचंच बोलायचं. कोणी ठरवलेलं नाही, पण पाळलं जातं.

भाची म्हणाली, "मावशी, आई दुसऱ्या कोणाबरोबर जायला तयार नाहीये. तिच्या दाताच्या डॉक्टरने विचारलं होतं, तो पण खेळतो. आई नाही म्हणाली. नवं कार्ड असून रोज जुन्याच समुद्रात येते ती."

दाताचा डॉक्टर! सुकाणूवर हात ठेवून तो काय "आ करा" म्हणणार?

धाकटी जुन्या समुद्रात का येते, हे मी तिला विचारलं नाही. तिला नवीन काही शिकायचा पहिल्यापासून कंटाळा आहे.

शनिवार, १५ मार्च

सकाळी दहाला येईल-येईलचा फोन. "काकू, आलं!"

मी सव्वादहाला दुकानात होते. क्रमांक दोन. तीच किंमत, एक पैसा वर नाही. तो म्हणाला, "तुमचं ते पत्र बायकोला दाखवलं. ती म्हणाली, आधी त्या बाईंना फोन कर." काउंटरवर खोकं ठेवलेलं. मी खोकं फिरवलं. सील फाटलेलं.

"हे काय?"

"मीच उघडलं हो. म्हटलं, तुम्हाला पुन्हा हेलपाटा नको. लावून बघितलं, एकदम झकास चालतंय."

"सील तुटलेला माल स्वीकारता येत नाही."

"अहो, मीच तोडलंय! तुमच्यासाठीच!"

"कोणी तोडलं हा मुद्दा नाही."

मागे चार जण उभे होते, त्यांत तो दाढीवालाही. तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, नीट विचार करा. हे इथे ठेवलं, की पाच मिनिटांत जाईल. पुढच्या महिन्यापर्यंत येणार नाही. मी येईल म्हणत नाहीये, बघा."

रुग्णालयात एकदा सील तुटलेल्या सलाइनच्या चाळीस पेट्या मी परत पाठवल्या होत्या. वरून मंत्र्याचा फोन आला होता. पेट्या परतच गेल्या.

मी म्हटलं, बंद खोकं येईल तेव्हा कळवा.

दाराबाहेर पडेपर्यंत दाढीवाल्याने ते उचललेलं होतं.

मी बरोबर केलं. रिक्षा मिळाली नाही, चालत आले.

रविवार, १६ मार्च

झालेलं जसंच्या तसं लिहिते.

तीन वाजता होडीत. वारा चांगला. धाकटीने विचारलं, काल काय झालं, भाची म्हणाली फोन आला होता. मी सांगितलं.

"सील तुटलं होतं म्हणून परत केलंस?"

"नियम आहे."

"कोणाचा?"

"खरेदी विभागाचा."

"ताई, तू निवृत्त होऊन सहा वर्षं झाली."

"नियम निवृत्त होत नाहीत."

होडी आपोआप वाऱ्यात फिरली, म्हणजे तिने सुकाणू सोडलं होतं. मी म्हटलं, "धाकटे, सुकाणू."

"सहा वाजून वीस मिनिटं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "होडीत होडीचंच बोलायचं."

"मला वाटलं, तुला कार्ड परवडत नाहीये. मी लेकीला सांगत होते, गुपचूप घेऊन दे मावशीला. तुला मिळत होतं, ताई. समोर ठेवलं होतं. पंधरा दिवस राहिलेत. आणि तू खोकं बघत बसलीस."

"मी..."

"तू दार बघतेस. आत कोण आहे ते बघत नाहीस. आईच्या वेळीही तेच."

मग तिचं नाव पडद्यावरून गेलं. होडी तिथेच उभी राहिली. चार वाजेपर्यंत मी शीड सांभाळलं, पण सुकाणूशिवाय शिडाला अर्थ नसतो.

सोमवार, १७ मार्च

ती सहा वीसचं का बोलली, तेही नोंदवून ठेवते. एकदा लिहिलं की डोक्यात फिरत नाही.

आई माझ्याच रुग्णालयात होती, तिसऱ्या मजल्यावर. भेटीची वेळ चार ते सहा. धाकटी त्या वेळी दूरच्या गावी राहत होती, दिवसभराचा प्रवास. ती फाटकाशी पोचली ती सहा वाजून वीस मिनिटांनी. रखवालदाराने माझ्या खोलीत फोन केला, मॅडम, तुमच्या बहीण आल्यात, सोडू का? बाहेर आणखी वीस-पंचवीस नातेवाईक उभे होते, त्यांना नुकतंच नाही म्हटलेलं. मी म्हटलं, सकाळी आठला यायला सांगा.

आई पहाटे चारला गेली.

त्या दिवशी मी तिला एकटीला आत सोडलं असतं, तर उरलेल्या पंचवीस जणांना कोणत्या तोंडाने सांगितलं असतं? याचं उत्तर अकरा वर्षांत मला कोणी दिलेलं नाही. तेराव्या मिनिटाला, विसाव्या मिनिटाला, चाळिसाव्या, कुठे थांबायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फाटकाबाहेर सगळ्यांदेखत माझ्यासाठी जे शब्द वापरले, त्याबद्दल लेखी दिलगिरी मी मागितली होती. ती आली नाही.

डोक्यात फिरायचं थांबलेलं नाही.

गुरुवार, २० मार्च

तीन ते साडेचार. ती आली नाही.

शुक्रवार, २१ मार्च

नाही.

रविवार, २३ मार्च

नाही. मी होडी धुतली. खेळात तशी सोय आहे. कोणी वापरत असेल असं वाटलं नव्हतं.

सोमवार, २४ मार्च

भाची आली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मावशी, काय केलंत दोघींनी?"

"मी काही केलं नाही. ती निघून गेली."

"आई रोज दुपारी तीनला कॉम्प्युटर लावून बसते. आत जात नाही. बसते नुसती."

"मग आत यावं तिने."

"तू बोलावलंस?"

मी चहा टाकायला उठले. भाची मागे आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिची आई लहानपणी अशीच वाटेत उभी राहायची, आणि मी म्हणायचे, बाजूला हो, सांडेल.

"मावशी, ३१ ला तो समुद्र बंद होणार. मग तुम्ही दोघी कुठे बोलणार आहात? मला एक जागा सांग."

मी म्हटलं, साखर किती.

ती गेल्यावर तक्ता काढून पाहिला. बेरजा तपासल्या. बरोबर आहेत. एका रकान्याचीही चूक नाही.

गुरुवार, २७ मार्च

क्रमांक सात घेतलं.

कोटेशन नाही. दुसरा दर नाही. येईल-येईलच्या दुकानात काचेआड शोभेला लावलेलं, खोकं कुठे आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "काकू, याला सील सोडा, खोकंच नाहीये."

"दिसतंय."

"आणि हे तुम्ही दाखवलेल्या त्या तक्त्यात शेवटी होतं ना?"

"होतं."

"मग?"

"आहे का विकायला?"

"आहे."

"मग बांधा."

त्याने ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं. बांधताना दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग किमतीत आपणहून थोडं कमी केलं. मी मागितलं नव्हतं. तक्रारीचं लेखी उत्तर त्याने अजून दिलेलं नाही, याची त्याला आठवण करून दिली. म्हणाला, "येईल, येईल."

शुक्रवार, २८ मार्च

तंत्रज्ञ आला. कॉम्प्युटरचं झाकण काढून म्हणाला, हे कार्ड एवढी वीज खातं, की जुना पॉवर सप्लाय चालणार नाही. तोही बदलला. म्हणजे क्रमांक सात माझ्या हिशेबाहूनही वाईट निघालं. तक्त्यात दुरुस्ती केली.

नवा समुद्र उघडला.

काय लिहू. पाणी अडखळत नाही. लाट जिथून येते तिथून शेवटपर्यंत येते. तळातली वाळू दिसते. खडक मैलभर आधीच दिसतात, एकेका खडकावर शेवाळ. पक्षी आहेत. ती म्हणायची तेवढेच आहेत, मला ती वाढवून सांगते असं वाटायचं.

आता मला कोणी काही सांगायची गरज उरलेली नाही. मोठीच गैरसोय आहे.

शनिवार, २९ मार्च

भाचीला फक्त एवढं कळवलं: 'नव्या समुद्रात आहे. तीन वाजता.'

तीन वाजून चार मिनिटांनी पडद्यावर धाकटीचं नाव आलं. माइक बंद. तिने सुकाणू धरलं. मी शीड उभारलं. होडी सुटली.

दीड तास. तिचा एक शब्द नाही. ती उत्तम चालवते, हे लिहायला हरकत नाही. मी शीड ओढायच्या आत ती वळवायची, ती वळवायच्या आत मी ओढायचे. एकदा मी म्हटलं, "डावीकडे पक्षी आहेत." माझा माइक चालू होता. तिने होडी जरा डावीकडे घेतली, पुन्हा सरळ केली.

साडेचारला बंदरात लागलो. तिचं नाव लगेच गेलं नाही. अकरा मिनिटं होतं. मी काही बोलले नाही, कारण काय बोलायचं ते तयार नव्हतं. तयारीशिवाय मी कधी बोललेले नाही.

रविवार, ३० मार्च

भाचीकडून पत्ता घेतला. धाकटी सध्या राहते ते घर मी पाहिलेलं नाही. पत्र लिहिलं. चार कच्चे खर्डे झाले, एवढे मला ऑक्सिजन प्लांटच्या निविदेलाही लागले नव्हते. उद्या रजिस्टर पोस्टाने जाईल. प्रत इथे ठेवते.

'धाकटी,

विषय: १९ ऑक्टोबर, सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटं.

१. वरील दिवशी व वेळी तुला फाटकावर अडवण्यात आलं. ते माझ्या सांगण्यावरून. रखवालदाराने मला विचारलं होतं, तो सोडायला तयार होता. त्याला दोष देऊ नये.

२. नियम बरोबर होता. आजही बरोबर आहे असं माझं मत आहे.

३. पुढील गोष्ट तुला कोणी सांगितलेली नसेल, कारण मी कोणालाच सांगितलेली नाही. सहानंतर मीही वर गेले नाही. मी त्याच इमारतीत होते, दोन मजले खाली. माझ्याकडे ओळखपत्र होतं, किल्ल्या होत्या, मला कोणी अडवलं नसतं. बहिणीला नाही म्हटल्यावर आपण जाणं बरं दिसणार नाही, म्हणून मी माझ्या खोलीत बसून एक तक्ता पुरा केला. आठला घरी गेले. पहाटे फोन आला. तेव्हा, तू बाहेर होतीस आणि मी आत होते, असं तू अकरा वर्षं समजत असशील, तर तसं नाही. आपण दोघीही बाहेर होतो.

४. फाटकाबाहेर तू वापरलेल्या शब्दांबद्दल मी लेखी दिलगिरी मागितली होती. ती मागणी मी मागे घेते. शब्द साधारण योग्य होते.

५. दिलगिरी माझ्याकडून आहे. ही ती.

६. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एक रिकामी. तू कधीही यावंस. वेळेचं बंधन नाही. रात्री-अपरात्री आलीस तरी दार मी स्वतः उघडेन. किती दिवस राहायचं तेही तू ठरव. कॉम्प्युटर एकच आहे, तेव्हा होडी काढता येणार नाही, होडीबाहेरचंच बोलावं लागेल. त्याची तयारी ठेवून ये.

७. उत्तर लेखी हवं. भाचीकडून निरोप चालणार नाही, माइकवरही नाही. येत नाहीस असं असेल तरी तुझ्या अक्षरात लिही. ते मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही.

तुझं उत्तर सोमवार, ७ एप्रिल, सायंकाळी पाचपर्यंत माझ्या हातात पडावं. सहा वीसला आलं, तरी घेईन.

ताई'